गणकयंत्राच्या काचेवरील खेळ

गणकयंत्रावर उमटलेला ८ हा अंक विद्यार्थ्यांनी एकवार निरखून पाहावा. तो सात आखूड रेघांचा बनलेला असतो. मधली रेघ लोपली की त्याचे शून्य होते. कोणतीही रेघ आपली जागा सोडीत नाही. ती उमटते किंवा लोपते, एवढेच. याच तुटपुंज्या भांडवलावर विजेवर चालणारे, हातात मावणारे पहिले खेळ उभे राहिले.

१९७६ साली अमेरिकेतील मॅटेल कंपनीने ‘ऑटो रेस’ हा खेळ विक्रीस आणला. नाव शर्यतीचे, परंतु मोटारीचे चित्र कोठेच नाही! तांबड्या प्रकाशाच्या रेघा तेवढ्या होत्या. त्यांतील एक तेजस्वी रेघ म्हणजे आपली मोटार असे मानावयाचे आणि समोरून येणाऱ्या रेघा चुकवीत ९९ सेकंदांत ४ फेऱ्या पुऱ्या करावयाच्या. उरलेली मोटार खेळणाऱ्याने मनात रंगवावी.

पुढे जपानमध्ये गणकयंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांत मोठी चढाओढ लागली व त्यांच्या काचा स्वस्त झाल्या. निन्टेंडो कंपनीतील गुनपेई योकोई यांनी आगगाडीत एका प्रवाशाला गणकयंत्राची बटणे उगीचच दाबीत बसलेले पाहिले आणि त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ मालिकेतील ‘बॉल’ हा पहिला खेळ निघाला. खेळ थांबला की तेच यंत्र घड्याळ होई.

त्याची काच म्हणजे दोन पातळ काचा व त्यांमध्ये द्रवस्फटिकाचा थर. काचेच्या आतील बाजूस पारदर्शक विद्युत्‌वाहक लेप चित्राच्या आकारात दिलेला असतो. तेथे विद्युद्दाब दिला की तेवढा भाग काळा दिसतो. म्हणजे चेंडूच्या वाटेवरील प्रत्येक जागी एक स्वतंत्र चेंडू आधीच कोरून ठेवलेला! एक लोपतो, शेजारचा उमटतो, आणि चेंडू उडाला असे आपला डोळा मानतो.

‘बॉल’मध्ये एक माणूस चेंडू झेलीत असतो, सोप्या प्रकारात दोन, कठीण प्रकारात तीन. डाव्या-उजव्या बटणांनी त्याचे हात सरकवावयाचे. दोन्ही हात एकदमच सरकतात, खरी मेख येथेच आहे. चेंडू खाली येऊ लागल्यावर धावाधाव करणारा हमखास हरतो. कोणता चेंडू कोणत्या कमानीत आहे, हे आधीच हेरावे लागते. गुण वाढतात तसा वेगही वाढतो. सरावलेला खेळाडू तबलजीप्रमाणे ठेका धरतो व निम्मे काम कानांवर सोपवितो. एक चेंडू निसटला की डाव संपला.

१९९१ पर्यंत या मालिकेतील ४ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. आजही असे एखादे जुने यंत्र हाती आले तर त्यात नव्या बटणबॅटऱ्या घालून पाहावे. क्षणभर सारी चित्रे एकदम उमटतात: सहा हातांचा एक माणूस, आणि त्याच्या डोक्यावर चेंडूंच्या तीन भरगच्च कमानी.