हँडल कोणाचं?

मनामा, बहारीन
शनिवार

चि. सोनू हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि नेटवर्कच्या रहदारीची कॅप्चर फाइल दोन्ही मिळाली. फाइल ज्या मार्गाने पाठवलीस त्याबद्दल शेवटी बोलेन. आधी तुझा प्रश्न. इथल्या एका बँकेच्या तीन जुन्या सर्व्हरांचा कारभार तुमच्या पुण्याच्या गटाने गुरुवारी रात्री एका नव्या लिनक्स मशीनवर आणला. आता काही क्लायंट अजून जुनीच फाइल हँडल घेऊन येताहेत आणि त्यांना ‘स्टेल’, म्हणजे शिळं, हे एकच उत्तर मिळतंय. मधल्या गेटवेमुळे सगळी रहदारी एकाच पत्त्यावर दिसते, म्हणून कुठलं हँडल कुठल्या सर्व्हरने दिलं होतं ते तुला कळेना. ‘बाइट बघून ओएस ओळखता येते का?’ असं विचारलंस. पुष्कळदा येते. पण ओळखणं वेगळं आणि त्या ओळखीवर काम उभारणं वेगळं. हा फरक तुझ्या मनात नोकरीच्या सुरुवातीलाच पक्का बसावा असं मला वाटतं, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

सन कंपनीच्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटण्याची ही व्यवस्था, बांधलं तेव्हा सर्व्हरने क्लायंटची काहीही आठवण ठेवू नये असं ठरवलं होतं. सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तरी क्लायंटचं काम पुढे चालू राहायला हवं होतं. मग फाइल कुठली हे दर विनंतीत नव्याने सांगावं लागतं आणि ते सांगतं हँडल. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्ला असतो ना, तसं. बिल्ल्यावरची खूण स्टँडवाल्याच्या सोयीची असते, तुझं काम तो जसाच्या तसा परत देणं. सर्व्हर त्यात साधारण तीन गोष्टी घालतो: फाइलसिस्टिम कुठली, आयनोड नंबर (फाइलसिस्टिममधल्या तिच्या नोंदीचा क्रमांक) काय आणि जनरेशन नंबर काय. हा तिसरा का, ते नीट समजून घे. फाइल पुसली की तिचा आयनोड मोकळा होतो आणि नव्या फाइलला मिळतो. एकाच नंबरचा बिल्ला सकाळी एकाला आणि संध्याकाळी दुसऱ्याला दिला, तर सकाळचा माणूस दुसऱ्याच्या चपला घालून जाईल. ते होऊ नये म्हणून आयनोड पुन्हा वापरताना जनरेशन बदलतं, आणि जुनं हँडल आलं की सर्व्हर ‘स्टेल’ म्हणतो. तुझ्या क्लायंटना मिळणारं उत्तर म्हणजे सर्व्हर बिघडलेला नाही, तो तुझ्या डेटाची राखण करतोय.

आता ओळखीकडे. सगळ्यात आधी प्रोटोकॉलची आवृत्ती आणि हँडलची लांबी बघ. आवृत्ती २ मध्ये हँडल कायम ३२ बाइटांचं, उरलेली जागा शून्यांनी भरायची. १९९५ च्या आवृत्ती ३ मध्ये लांबी बदलती झाली, जास्तीत जास्त ६४. आवृत्ती ४ मध्ये मर्यादा १२८ वर गेली. एवढ्यावरूनच निम्मे संशय गळून पडतात.

लिनक्सचं हँडल त्यातल्या त्यात मनमोकळं. पहिला बाइट ०१, ही हँडलची आवृत्ती. दुसरा ००. तिसरा सांगतो की फाइलसिस्टिम कशावरून ओळखायची, आणि चौथा सांगतो की फाइल कशी लिहिली आहे. तिसऱ्या जागी ०० किंवा ०३ असेल तर ओळख डिव्हाइस नंबरवरून. ०१ असेल तर कोणीतरी एक्सपोर्टच्या ओळीत स्वतः एफएसआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा ओळख-क्रमांक, लिहिला आहे. ०६ म्हणजे पुढचे १६ बाइट फाइलसिस्टिमचा यूयूआयडी. ०७ म्हणजे आधी एक्सपोर्ट केलेल्या डिरेक्टरीचा आयनोड आणि मग तोच यूयूआयडी, कारण फाइलसिस्टिमच्या मुळाऐवजी तिच्या पोटातली डिरेक्टरी वाटली आहे. चौथ्या जागी ०० आलं तर ते हँडल एक्सपोर्टच्या मुळाचंच. ०१ म्हणजे चार बाइटांचा आयनोड आणि चारांचं जनरेशन. ८१ दिसलं तर मोठा, आठ बाइटांचा आयनोड, म्हणजे बहुधा एक्सएफएस. तुझ्या कॅप्चरमधलं २८ बाइटांचं हँडल ‘०१ ०० ०६ ०१’ ने सुरू होतं. चार, सोळा आणि आठ, बेरीज २८. बेरीज जुळली की अंदाजाला वजन येतं. प्रत्येक वेळी ती करत जा.

सोलारिसचं रूप निराळं. पूर्ण ३२ बाइट: पहिले आठ फाइलसिस्टिमचे, मग बाराचे दोन तुकडे. पहिला तुकडा फाइलचा, दुसरा एक्सपोर्टच्या मुळाचा. दोन्हींच्या सुरुवातीला दोन बाइटांत लांबी लिहिलेली, ती १०. म्हणून नवव्या-दहाव्या बाइटवर ‘०० ०ए’ आणि बरोबर बारा बाइटांनी पुन्हा ‘०० ०ए’ दिसलं की ती सोलारिसची चाल. फ्रीबीएसडी याच घराण्यातलं, पण तिथे एकूण २८ बाइट आणि यूएफएसवर आतली लांबी १२. बघ, २८ बाइट लिनक्सचेही निघाले आणि फ्रीबीएसडीचेही. नुसत्या लांबीवर निकाल देणारा इथेच फसतो.

बाइटांचा क्रम विसरू नकोस. सर्व्हर हँडल स्वतःसाठी लिहितो, म्हणून त्यातले आकडे बहुतेक वेळा त्याच्याच प्रोसेसरच्या क्रमाने असतात. स्पार्कवरचा आयनोड सरळ वाचता येतो, इंटेलवरचा उलटा. तोच ‘०० ०ए’ इंटेलवरच्या सोलारिसमध्ये ‘०ए ००’ होतो. इथल्या बँकांमध्ये आणि तेलाच्या कामात दोन्ही तऱ्हेची मशीनं मी शेजारी शेजारी चाललेली पाहिली आहेत. भूगर्भाच्या पाहणीचा डेटा इतका अवाढव्य की तो प्रत्येक मशीनवर वेगळा ठेवणं परवडतच नाही, तिथे एनएफएसशिवाय पान हलत नाही. अशा संस्थांमध्ये नवं मशीन येतं तेव्हा जुनं लगेच जात नाही, तू तयारीत राहा.

नेटअ‍ॅपसारख्या खास स्टोरेज मशीनच्या हँडलला अशी सहज दिसणारी खूण नसते. त्यात स्नॅपशॉटचा क्रमांकसुद्धा बसवलेला असतो. तिथे वायरशार्क या पॅकेट वाचणाऱ्या प्रोग्राममधला त्या प्रकारचा डीकोडर निवडून आकडे पटतात का ते पाहावं. आणि वायरशार्क निवड तुझ्यावर सोपवतो, ही गोष्ट लक्षात घे. तो तुला यादी देतो, प्रकार तू सांगायचा. चुकीचा प्रकार सांगितलास तरी तो निमूटपणे आयनोड आणि जनरेशनच्या रकाने भरून दाखवेल. रकाना भरला म्हणजे अर्थ लागला असं धरू नकोस. टीसीपीडंप या दुसऱ्या कॅप्चर प्रोग्राममध्ये उलट व्यवस्था आहे, तिथे प्रोग्राम स्वतः तर्क करतो. तो भाग डिजिटल इक्विपमेंटच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या जेफ्री मोगल यांनी १९९३-९४ मध्ये लिहिला. त्यात ऑस्पेक्स, अल्ट्रिक्स, आयरिक्स, एआयएक्स, एचपी-यूएक्स, सनओएसच्या वेगवेगळ्या आवृत्त्या अशी त्या काळची सगळी मंडळी आहेत, आणि हे सगळे ठोकताळे आहेत हे त्यांनी फाइलीच्या माथ्यावरच लिहून ठेवलंय. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. तो कोड जरूर वाच.

मग खात्री कशाने करायची? संभाषणाने. क्लायंट माउंट करतो तेव्हा सर्व्हर मुळाचं हँडल देतो. पुढे प्रत्येक ‘लुकअप’मध्ये डिरेक्टरीचं हँडल आणि नाव जातं, उत्तरात नवं हँडल येतं. हा माग धरलास की बाइट न फोडता पूर्ण रस्ता हाती येतो. त्यासाठी कॅप्चर माउंटच्या आधीपासून सुरू हवा आणि पॅकेट पूर्ण हवीत. जुन्या मशीनवरचा टीसीपीडंप पहिले ६८ बाइटच ठेवत असे, त्यात हँडल अर्धवट तुटतं, म्हणून लांबीची मर्यादा काढून टाक. वायरशार्क हँडलचा छोटा हॅश दाखवतो, तो एकाच फाइलीचा माग काढायला उत्तम. पण नियमाची मर्यादा ध्यानात ठेव: एकाच सर्व्हरची दोन हँडल सारखी असतील तर फाइल एकच. वेगळी असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. शेवटी जुना सर्व्हर अजून चालू असेल तर हँडलमधून काढलेला आयनोड तिथल्या फाइंड कमांडला दे. अपेक्षित फाइल निघाली तर पटलं. नाही निघाली तर आपला अंदाज सोडून द्यायचा, त्याला ओढूनताणून बसवायचं नाही.

एका कार्यालयात लिनक्सच्या हँडलमधून आयनोड कापून घेणारी स्क्रिप्ट लिहिलेली होती आणि तिच्यावर रोजचा हिशेब चालत होता. फाइलसिस्टिम बदलून मोठे आयनोड आले आणि स्क्रिप्ट त्यांचा अर्धाच भाग वाचून चुकीची नावं छापत राहिली. एकदाही एरर आली नाही. हँडलचा आराखडा सर्व्हरच्या मालकीचा, तो उद्या न कळवता बदलला तरी त्याने कुठलाही करार मोडलेला नाही. निदानासाठी वाच, हवं तितकं खोलात जाऊन वाच. पण वाचलेल्यावर चालणारी कुठलीही यंत्रणा बांधू नकोस, आणि वरिष्ठांनी सांगितलं तरी लेखी हरकत नोंदव.

तुमच्या स्थलांतराबद्दल स्पष्ट बोलतो. फाइली कॉपी करून नव्या मशीनवर नेल्या की नाव, तारीख, परवानग्या येतात, पण आयनोड आणि जनरेशन येत नाहीत. लिनक्सवरून लिनक्सवर नेलं तरीही नाहीत. त्यामुळे क्लायंट आधी अनमाउंट करायलाच हवे होते, आता अडकलेल्यांना सक्तीने सोडवून पुन्हा माउंट कर. डिस्कच जशीच्या तशी नव्या मशीनला लावली असती आणि हँडल यूयूआयडीवर असती तर ती टिकली असती. जोडीने चालणाऱ्या दोन सर्व्हरांत डिव्हाइस नंबर वेगळे पडू शकतात, म्हणून तिथे दोन्हीकडे एकच एफएसआयडी लिहावा. याची दुसरी बाजू जास्त भीतीदायक आहे: डिस्कचा हुबेहूब क्लोन त्याच पत्त्यावर त्याच नावाने एक्सपोर्ट झाला तर जुनी हँडल त्याच्यावर निमूट चालतात, क्लायंट क्लोनवर लिहीत राहतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. ‘स्टेल’ आलं नाही म्हणजे सगळं आलबेल, असं अशा वेळी मानू नये.

कॅप्चरमधली ४४५ पोर्टवरची पॅकेट बाजूला काढ. ती विंडोजच्या एसएमबीची. त्यातला १६ बाइटांचा फाइल आयडी उघडलेल्या फाइलीपुरता असतो, फाइल बंद झाली की तो संपला. एनएफएसचं हँडल खुद्द फाइलीचं असतं. दोन्हींना एका तक्त्यात बसवू नकोस.

आता त्या फाइलीबद्दल. बँकेचा कॅप्चर तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलास. त्यात ग्राहकांच्या खात्यांवरून ठेवलेली फाइलींची नावं आहेत आणि चालू हँडल आहेत. साध्या, वापरकर्त्याच्या नुसत्या नंबरावर विश्वास ठेवणाऱ्या एनएफएसमध्ये ज्याच्या हाती हँडल आहे तो सर्व्हरपर्यंत पोचू शकत असेल, तर माउंटच्या वेळची तपासणी टाळून थेट फाइल मागू शकतो. शिवाय बहारीनचा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा, २०१८ चा क्रमांक ३०, १ ऑगस्ट २०१९ पासून लागू आहे. तुझं कामाचं मशीन पुण्यात असलं तरी माहिती इथल्या माणसांची आहे. मी फाइल पुसली आहे, तूही दोन्हीकडची पूस आणि तुझ्या प्रमुखांना आजच सांग, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी. पुढच्या वेळी मला फक्त आवृत्ती, लांबी आणि पहिले चार बाइट लिहून पाठव. माझ्या मदतीला तेवढं पुरतं.

तुझ्या तपासाच्या अहवालात दोन रकाने वेगळे ठेव: ‘सिद्ध’ आणि ‘अंदाज’. २८ बाइटांचं लिनक्सचं हँडल आज अंदाजाच्या रकान्यात जाईल, जुन्या सर्व्हरवर आयनोड जुळला की सिद्धच्या. कॅप्चरमधलं सोलारिसच्या चालीचं दुसरं हँडल मला जवळजवळ पक्कं वाटतं, तरी तू स्वतः तपासल्याशिवाय माझ्या नावावर लिहू नकोस. तिसरं, खूण नसलेलं, त्याच्याबद्दल ते मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे विचारावं लागेल. उद्या रविवार, इथे कामाचा पहिला दिवस. बँकेची माणसं सकाळी आठला येतील तेव्हा तुमच्याकडे साडेदहा वाजलेले असतील. त्याआधी जुने सर्व्हर आणखी आठवडाभर बंद करू नयेत अशी विनंती लेखी पाठव, नाहीतर आयनोड जुळवायला काही उरणारच नाही.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा