अवघड प्रश्न म्हणजे नापास नव्हे

तान्ह्या बाळाची शीर शोधताना जिचा हात कधी थरथरला नाही, ती सिस्टर माझ्यासमोर बसून रडत होती. अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा द्यावी लागते. ती देऊन आली होती. "डॉक्टर, चाळीस प्रश्न झाले तरी एकही सोपा येईना. तिथेच वाटलं, आपलं काही खरं नाही. पुढचे नुसते उरकले." निकाल अर्थातच नापास.

एक गोष्ट तिला आधी कुणी समजावून सांगायला हवी होती. बरोबर उत्तर दिलं की ही परीक्षा पुढचा प्रश्न वरच्या पातळीचा देते, चुकलं की पातळी खाली आणते. प्रत्येकाला साधारण निम्मेच प्रश्न सुटावेत, अशी तिची बांधणी आहे. त्यामुळे हुशार मुलीलाही शेवटपर्यंत अवघडच वाटणार. किमान 85, जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ 5 तास. तुम्ही उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची 95 टक्के खात्री पटली की संगणक थांबतो. शंभरावा प्रश्न समोर आला, तर त्याची खात्री अजून पटलेली नाही. संधी शिल्लक आहे. नेटाने वाचा.

हात गार पडणं, तोंडाला कोरड, पोटात गोळा, हे सगळं अ‍ॅड्रेनॅलिनचं काम. वॉर्डात कोड ब्ल्यू झाला की तुमच्या छातीत असंच धडधडतं आणि तरीही तुम्ही सीपीआर देता. परीक्षेतही धडधड थांबण्याची वाट पाहू नका. चार अंक मोजत श्वास आत घ्या, सहा मोजत सावकाश सोडा, असं पाच-सहा वेळा करा आणि प्रश्नाकडे वळा. दिलेल्या उत्तराकडे परत जाता येत नाही, तेव्हा मागचं मागे सोडा.

आता एक कळकळीची सूचना. धडधड थांबावी म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून प्रोप्रॅनोलॉल घेऊ नका. दमा असेल तर ही गोळी जिवावर बेतू शकते. अल्प्राझोलामने झोप येते, पण स्मरणशक्ती मंदावते. औषध लागणारच असेल तर डॉक्टरांनी ठरवावं, आणि परीक्षेच्या दिवशी ते पहिल्यांदाच घेतलं जाऊ नये.

खरं औषध झोप आहे. वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेत. नाइट ड्युटी करून आल्यावर चार तास प्रश्न सोडवणाऱ्या मुली मी पाहतो. त्यांना दुसऱ्या दिवशी त्यातलं फारसं आठवत नाही. रोज थोडे प्रश्न सोडवा, पण चुकलेल्या प्रत्येक उत्तराचं कारण वाचा. परीक्षेच्या सकाळी नेहमीचंच खा, पोहे किंवा उपमा, आणि चहा रोजच्याइतकाच.

दोन आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. नापास झालात तरी किमान 45 दिवसांनी पुन्हा बसता येतं. माझी ती सिस्टर पुन्हा बसते आहे.

वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांना आणि घरच्यांना माझी हात जोडून विनंती आहे: परीक्षेच्या आधीचा आठवडा तिला नाइट लावू नका, आणि आदल्या संध्याकाळी स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करा.