केकवरील सजावट कशी टिकते?

बंगळूरच्या दक्षिणेकडील बनशंकरीत पावसाळ्यात एखाद्या घरी केक करावा, त्यावर साखरेची फुले बसवावी आणि मेणबत्त्या पेटण्यापूर्वीच ती ओघळावी, म्हणजे दोष हवेच्या माथी येतो. तो सर्वस्वी खोटा नव्हे. साखर हवेतील ओलावा शोषते आणि कडक फूल काही तासांत मऊ पडते. परंतु मूळ चूक बहुधा निराळी असते. चिकटविणे आणि पेलणे ही दोन कामे आपण एकाच पदार्थावर सोपवितो. संक्रांतीला हलव्याचे दागिने करणाऱ्या स्त्रिया हा भेद जाणतात : शोभा हलव्याची, भार मात्र दोऱ्याचा व पुठ्ठ्याचा.

अंड्यातील पांढरे व पिठीसाखर घोटून केलेला लेप पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो आणि हलके फूल उत्तम धरतो. लोण्याच्या थरावर मात्र त्याचा भरवसा धरू नये, कारण स्निग्धांशाने तो ढिला पडतो.

दोन किलोग्रॅमचा वरचा मजला कोणताही लेप पेलणार नाही. त्यासाठी खालच्या केकात त्याच्याच उंचीच्या चार जाड नळ्या तळच्या पाटापर्यंत उभ्या रोवाव्या आणि वरच्या केकाखाली निराळा पुठ्ठा द्यावा. मग भार नळ्यांतून थेट पाटावर उतरतो. एखादी नळी थोडी जरी आखूड राहिली, तरी केक कलतो. फुलांच्या तारा केकात उघड्या टोचू नयेत, नळीत बसवाव्या. दात कोरण्याच्या काड्या तर वापरूच नयेत. मोडलेला तुकडा मुलाच्या घासात जाण्याचे भय असते.