प्रशिक्षकांचा संघ : शालेय बास्केटबॉलचा एक अभ्यास

शाळेच्या स्मरणिकेत खेळाडूंची छायाचित्रे असतात, चषकांची यादी असते. त्या चषकांमागे उभ्या असलेल्या क्रीडाशिक्षकाचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो. अनेक शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी एकत्र येऊन उभारलेल्या संघाविषयी तर कोणी लिहीतच नाही. वास्तविक खेड्यापाड्यांतील मुलाचे खेळातील भवितव्य पुष्कळदा याच संघावर अवलंबून असते. म्हणून प्रस्तुत लेखात शालेय प्रशिक्षकांच्या संघाचे कार्य काय असते आणि किनवटसारख्या तालुक्याला त्यातून काय घेता येईल, याचा आम्ही विचार करणार आहोत. त्यासाठी बास्केटबॉल हा खेळ निवडला आहे, कारण त्याचा जन्मच एका शिक्षकाच्या हातून झाला.

खेळाचा जन्म

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ हे शारीरिक शिक्षण शिकवीत होते. कडक हिवाळ्यात मैदानावर जाता येत नव्हते आणि वर्गातील १८ विद्यार्थी बंदिस्त व्यायामशाळेत कंटाळले होते. नेस्मिथांनी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, १३ नियम लिहून काढले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ खेळवले. धक्काबुक्कीला वाव राहू नये म्हणून लक्ष्य डोक्याच्या वर ठेवले आणि चेंडू हातात घेऊन धावण्यास मनाई केली. बळापेक्षा नेमकेपणाला महत्त्व देणारा हा खेळ वायएमसीएच्याच मार्गाने भारतात आला. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाने देशाला प्रशिक्षित क्रीडाशिक्षक पुरवले आणि त्यांच्याबरोबर हा खेळ शाळाशाळांत पोहोचला. १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला.

संघाची गरज का भासली?

१९२७ मध्ये अमेरिकेतील नियम समितीने चेंडूचा टप्पा देत पुढे जाण्याच्या कौशल्यावर कठोर मर्यादा घालण्याचे ठरवले. चेंडू एकदाच आपटता येईल, असा तो बदल होता. मैदानावर रोज मुलांना शिकवणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. तेव्हा नेस्मिथांचेच शिष्य, कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक फॉग ॲलन यांच्या पुढाकाराने प्रशिक्षक एकत्र आले आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. नियमातील तो बदल मागे घ्यावा लागला. चेंडूचा जो टप्पा आज प्रत्येक मूल पहिल्या दिवशी शिकते, तो प्रशिक्षकांच्या एकजुटीमुळे टिकला. पुढे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच पदकांचा खेळ म्हणून स्थान मिळाले. त्या वेळी वयोवृद्ध नेस्मिथांना तो सोहळा पाहता यावा म्हणून याच संघटनेने निधी गोळा केला. आपल्या गुरूची आठवण ठेवणे हेही संघाचे काम असते.

संघाची तीन कामे

अशा संघांचे कार्य पाहिले असता त्याचे तीन भाग पडतात.

पहिले काम नियमांचे. मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद, कडे ३.०५ मीटर उंचीवर, प्रत्येक बाजूस पाच खेळाडू, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु पाऊल कोठे चुकले, धक्का कोणी दिला, याचा निर्णय प्रत्येक गावात वेगळा लागू लागला तर मुलांचा न्यायावरील विश्वास उडतो. संघ पंच तयार करतो आणि नियमांचा एकच अर्थ सर्वत्र पोहोचवतो.

दुसरे काम विद्येचे. एका शिक्षकाला एका हंगामात जे सापडते, ते त्याच्याबरोबर निवृत्त होऊ नये, यासाठी शिबिरे व चर्चा असतात. जॉन वुडन हे विख्यात प्रशिक्षक आपल्या कारकिर्दीच्या प्रारंभी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवत व मुलांना खेळवत. पुढे कॅलिफोर्नियातील विद्यापीठाच्या संघाला त्यांनी १९६४ ते १९७५ या काळात १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालावेत हे शिकवत. मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो, हा त्यामागील साधा हिशेब. अशा लहान गोष्टी पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. त्या एका शिक्षकाने दुसऱ्याला सांगाव्या लागतात.

तिसरे काम रक्षणाचे. निवडीत पक्षपात होऊ न देणे, वयाची खोटी नोंद होऊ न देणे, जखमी मुलाला चषकासाठी मैदानात उतरवू न देणे, हे एकट्या शिक्षकाला जड जाते. वरून दबाव आला तर तो एकटा पडतो. त्याच्या पाठीशी संघ असेल तर त्याला ठामपणे नकार देता येतो.

बंद दारे उघडणारा संघ

या तिसऱ्या कामाचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण जॉन मॅकलेंडन यांचे आहे. १९३३ मध्ये हा कृष्णवर्णीय तरुण कॅन्सस विद्यापीठात दाखल झाला. नेस्मिथ त्याचे मार्गदर्शक होते. परंतु वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या संघात त्याला स्थान नव्हते आणि तेथील पोहण्याचा तलावही कृष्णवर्णीयांना बंद होता. त्याने त्या तलावावरील आपला हक्क मागितला व मिळवला. पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क कशासाठी मागावा लागतो, हे २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह जाणणाऱ्या आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ज्याला खेळू दिले नाही, तो शिकवणारा झाला. परंतु मॅकलेंडन यांच्या गुणी संघांनाही श्वेतवर्णीयांच्या राष्ट्रीय स्पर्धांची दारे बंदच होती. तेव्हा कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे प्रशिक्षक व क्रीडाप्रमुख एकत्र आले आणि त्यांनी प्रवेशाची मागणी सातत्याने लावून धरली. १९५३ मध्ये लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडले. त्याच स्पर्धेत मॅकलेंडन यांच्या टेनेसी येथील संघाने १९५७, १९५८ व १९५९ अशी सलग तीन वर्षे विजेतेपद मिळवले. मुलांत गुणवत्ता पूर्वीपासून होती. तिला मैदानापर्यंत पोहोचवण्याचे काम संघाने केले.

महाराष्ट्रातील उदाहरण : नागपाडा

आपल्या राज्यात मुंबईच्या नागपाडा भागाकडे पाहावे. दाट वस्तीच्या, कष्टकऱ्यांच्या या भागात क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ हे समाजकेंद्र सुरू केले. आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा आरंभही १९३६ मध्ये याच वास्तूत झाला. या परिसरात बास्केटबॉल रुजला तो बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकांच्या चिकाटीमुळे. तेथील मैदानाला आज त्यांचे नाव आहे. याच नागपाड्यातून गुलाम अब्बास मुंतसिर पुढे आले, भारतीय संघाचे कर्णधार झाले आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. नागपाडा बास्केटबॉल असोसिएशनच्या रूपाने ती परंपरा वस्तीने जपली. काल खेळणाऱ्याने आज शिकवावे, हा तिचा गाभा आहे. मोठी क्रीडासंकुले नसतानाही एक वस्ती राष्ट्रीय खेळाडू घडवू शकते, याचा हा पुरावा आहे.

किनवटने काय घ्यावे?

नागपाड्याची मुले एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात. आपली परिस्थिती निराळी आहे. पैनगंगेच्या काठचा, सागवानी जंगलाचा, तेलंगणाच्या सीमेवरील हा तालुका. गोंड, कोलाम, आंध, बंजारा, बौद्ध अशा अनेक समाजांची मुले येथील वसतिगृहांत व निवासी शाळांत शिकतात. नांदेड शंभर किलोमीटरहून दूर आहे. शालेय स्पर्धांची शिडी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढते आणि तिच्या पहिल्याच पायरीवर आपली अनेक मुले थांबतात. पायात बळ असते, परंतु नियमांची ओळख, सामन्याचा अनुभव व कागदपत्रे या तिन्ही बाबतींत ती मागे पडतात.

हे केवळ चषकापुरते नाही. खेळाडूंना शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या सेवेत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. भूमिहीन मजुराच्या मुलीच्या हाती पडणारे खरे प्रमाणपत्र तिच्या घराची दिशा बदलू शकते. म्हणूनच बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची जी प्रकरणे राज्यात उघडकीस आली, त्यांत अशाच मुलीच्या वाट्याची चोरी झाली, असे आम्ही मानतो. ती रोखण्याची पहिली जबाबदारी प्रशिक्षकांच्या संघाची आहे.

एका शाळेत बहुधा एकच क्रीडाशिक्षक असतो, तोही अनेकदा इतर विषयांच्या तासांत गुंतलेला. अशा पाच-सात शाळांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. जेथे पूर्ण मैदान शक्य नाही, तेथे मुरूम दाबून अर्धे मैदान करावे. तीन-तीन खेळाडूंचा अर्ध्या मैदानावरील बास्केटबॉल आता ऑलिंपिकमध्येही खेळला जातो. लहान मुलांसाठी कडे २.६० मीटरवर बांधावे व चेंडू लहान, पाच क्रमांकाचा घ्यावा, म्हणजे पहिल्याच आठवड्यात टोपलीत चेंडू टाकल्याचा आनंद त्यांना मिळेल. एका शाळेच्या सामन्याला दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने पंच व्हावे. प्रत्येक मुलाच्या जन्मतारखेची व खेळाची नोंदवही सर्वांना पाहता यावी. मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका असावी आणि तिलाही पंचाचे शिक्षण मिळावे. यांपैकी कशालाही फार मोठा निधी लागत नाही, नियमितपणा मात्र लागतो.

निवासी शाळेला एक मोठा लाभ आहे. सकाळ व संध्याकाळ या दोन्ही वेळा मुले मैदानाजवळ असतात. या वेळेचे सोने करायचे असेल तर शिक्षकाने एकटे राहू नये. पाच खेळाडू एकमेकांना चेंडू दिल्याविना कड्यापर्यंत पोहोचत नाहीत, हे आम्ही मुलांना रोज सांगतो. तोच नियम शिकवणाऱ्यांनी स्वतःला लावून घेतला, तर पुढील स्मरणिकेत किनवटच्या मुलांची छायाचित्रे विभागाच्या व राज्याच्या मैदानांवरील असतील.