जुने लाकूड आणि जुने फर्निचर: माल उचलण्यापूर्वी काय पाहावे?

नावडे, तळोजे, पनवेल या पट्ट्यात जुनी कौलारू घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. घर उतरवले की वासे, तुळया, चौकटी आणि त्यांबरोबर पलंग, पेटारे, मेज, कपाटेही विक्रीला निघतात. भंगारवाला, सुतार, पॉलिशवाला आणि मुंबईच्या चोर बाजारातील दुकानदार अशा अनेक हातांतून हा माल फिरतो. आपले कितीतरी बांधव या धंद्यात आहेत. पण खरेदी करताना एक घोटाळा वारंवार होतो. जुने लाकूड दिसले की फर्निचरही जुनेच, असे धरले जाते. पाडलेल्या घराच्या तुळईतून गेल्या महिन्यात बनवलेले मेज जुन्या सागाचे असते, पण ते जुने मेज नसते. दोन्हींच्या भावात मोठे अंतर असते आणि नुकसान शेवटी आपल्याच माथी बसते.

यासाठी पहिला नियम असा: दर्शनी बाजूवर विसंबू नका. अमेरिकेत अठराव्या शतकातले फर्निचर घेणारे जाणकार आधी ड्रॉवर बाहेर काढून उलटा करतात. फिलाडेल्फिया, बोस्टनचे कारागीर बाहेरून महोगनी किंवा अक्रोड वापरीत, पण आत पाइनसारखे स्वस्त लाकूड घालीत. म्हणून आतले लाकूड वस्तू कुठली ते सांगते. आपल्याकडेही शिसवी कपाट घेताना आतल्या फळ्या, पाठ आणि तळ पाहिलाच पाहिजे. तिथे प्लायवूड निघाले तर एक तर तो भाग बदललेला आहे किंवा वस्तूच अलीकडची आहे.

आता खुणा पाहू. हाताच्या करवतीचे ओरखडे सरळ, पण कमी-जास्त अंतराचे असतात. गोल करवतीचे ओरखडे कमानीसारखे उमटतात. हाताने कापलेल्या डोव्हटेल जोडाचे दात सारखे नसतात, यंत्राचे मात्र एकाच मापाचे असतात.

स्क्रूही बोलतो. सुमारे 1840 पूर्वीच्या स्क्रूला टोक नसे. फुलीच्या खाचेचा स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आला. शंभर वर्षांच्या म्हणून दाखवलेल्या पलंगात तो मूळ जागी असेल तर विक्रेत्याला खुलासा मागा. चिकटवण्याचेही तसेच. पूर्वी सुतार गरम सरस वापरीत. फेविकॉल आपल्याकडे 1959 मध्ये आले. सांध्यात पांढरा गोंद दिसला तर दुरुस्ती झाली आहे किंवा जोडच नवा आहे.

शेवटी झीज पाहावी. खुर्चीचे हात, पायांमधली आडवी पट्टी, ड्रॉवरच्या तळाच्या कडा अशा हात-पाय लागणाऱ्या जागी ती असायला हवी. सगळीकडे सारखाच खरबरीतपणा किंवा सारखाच काळपट रंग असेल तर तो साखळीने आणि रंगाने आणलेला असू शकतो.

एकाच खुणेवर निकाल देऊ नये. जुन्या वस्तूत नवा स्क्रू दुरुस्तीमुळेही येतो. तीन-चार खुणा एकच गोष्ट सांगू लागल्या, की मत बनवावे.

इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांना आज चांगली मागणी आहे. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने या घाटाची प्रसिद्ध 14 नंबरची खुर्ची 1859 मध्ये काढली. 1869 मध्ये तिचा पेटंट हक्क संपला आणि इतर कारखानेही तशा खुर्च्या बनवू लागले. म्हणून घाट पाहून नाव लावू नका. बैठकीच्या खाली छाप किंवा कागदी चिठ्ठी आहे का ते पाहा.

कायदाही लक्षात ठेवावा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तूत मोडू शकते. पुरावस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. हस्तिदंताची नक्षी असलेला माल तर वन्यजीव कायद्यामुळे घेऊच नये. 2017 पासून शिसवाची सगळी जात आंतरराष्ट्रीय निर्बंधाखाली आहे. त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाला वचन देण्यापूर्वी कागदपत्रांची चौकशी करावी.

कारागीर बांधवांना आमचे सांगणे असे, की जुने चपड्याचे पॉलिश घाईने खरवडू नका. काढलेल्या मुठी आणि बिजागऱ्या पिशवीत बांधून वस्तूसोबत द्या. वस्तूचे वय सांगणारे पुरावे तेच आहेत.

आणि बिलावर जे खरे तेच लिहा: "जुन्या सागाचे, नवे बनवलेले" किंवा "जुने, दोन पाय बदललेले". अशा बिलाने कदाचित चार पैसे कमी मिळतील. पण खोट्या वयावर विकलेला माल एक दिवस परत येतो, आणि त्या वेळी पैशांबरोबर दुकानाचे नावही जाते.