तेरशीच्या दुपारी नको

मने, काल फोनवर तू ‘होडी ठरवायची, गरी टाकायची, दोन तासांत परत’ असं भरभर बोलत होतीस, तेव्हाच वाटलं की तुला निवांत बसून सांगायला हवं. सासूबाई सोबत असणार, तुझी ओवी आठ वर्षांची आहे आणि तू माझ्यासारखीच उतावळी. दोन वर्षांपूर्वी देवबागच्या किनाऱ्यावर मी जे वागले, ते मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

आम्ही मालवणात रेंगाळलो, जेवणं आटोपली आणि देवबागला पोचायला दुपारचा एक वाजला. होडी सकाळची ठरलेली. होडीवाला वाट बघून घरी गेला होता, निरोप पाठवल्यावर आला. पाण्याकडे बघितलं, बोटं मोजली आणि म्हणाला, “आज तेरस. सुकतीचा पाणी भायर जाता नि वारो आत येता. संगमार होडी नाचतली. आता नाय.” मला ते बोटं मोजणं म्हणजे टाळाटाळ वाटली. समोर ऊन लख्ख, पाणी निळंशार. मी आवाज चढवला. “आगाऊ पैसे घेताना तिथी नव्हती का पाहिली?” असं म्हणाले गं मी. त्याच्या आईसमोर. त्याने खिशातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले आणि जाळं विणायला बसला.

तासाभराने मीच वाळूतून संगमापर्यंत चालत गेले. कर्ली नदीचं पाणी ओहोटीबरोबर समुद्राकडे धावत होतं, वारा समोरून त्याला अडवत होता, आणि जिथे दोघांची गाठ पडत होती तिथे लाटा उभ्याच्या उभ्या राहून कोसळत होत्या. माझे पाय गार पडले. त्या पाण्यात मी माझी दोन मुलं घेऊन जाणार होते.

म्हणून आधी ते बोटं मोजणं शिकून घे. फार सोपं आहे. शुक्ल असो की कृष्ण, त्या दिवशीच्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ हाती येते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीन-साडेतीनला भरती. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, तिकडे तिला सुकती म्हणतात. तेरशीला हिशेब पावणेदहाचा येतो. म्हणजे एक वाजता ओहोटी ऐन जोरात असते, आणि दुपारचा खारा वारा नेमका तेव्हाच जमिनीकडे चढायला लागतो. पौर्णिमा जवळ आल्यामुळे पाण्याला उधाणाचा जोर, तो वेगळाच. हे सगळं त्या माणसाने चार बोटांत मोजलं होतं.

तू अष्टमी-नवमीचा दिवस बघ. तेव्हा भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी. भरती सहा-पावणेसातला पुरी होते. साडेसहाला होडीत बसलात की पाणी शांत, आणि जमिनीवरून वाहणारा मतलई वारा पाठीशी. थंडीतले दिवस आहेत, पहाटे समुद्राकडे डॉल्फिनही दिसतात. बाकी कॅलेंडरवर काहीही निघो, शेवटचा शब्द होडीवाल्याचा. तो ‘नाय’ म्हणाला की जावईबापूंनाही मध्ये बोलू देऊ नकोस.

पैशांचं आदल्या दिवशीच बोलून घे. किती तास, गरी आणि आमिष त्यातच धरलंय का, ओवीच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, ते स्वतः बघ. मोठ्यांचं जॅकेट मुलांच्या डोक्यावरून निसटतं. घासाघीस मात्र करू नकोस गं. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात, जून-जुलैत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी. वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांत बसवायची असते त्यांना.

आणि बायकांचं म्हणून सांगते. त्या होडीत आडोसा नसतो. निघायच्या आधी सासूबाईंना आणि ओवीला जाऊन यायला लाव, पाळीचे दिवस असतील तर त्याचीही तयारी ठेव. संकोचापायी सकाळपासून पाणी न पिता उन्हात बसू नकोस, मी तेही करून बसलेय आणि दिवसभर डोकं धरून पडले होते. उपाशी पोटी जायचं नाही, कोरडी भाकरी खाऊन जायचं. उलटीची गोळी अर्धा तास आधी. सासूबाईंना मधल्या फळीवर बसव. नाळेवर होडी सगळ्यात जास्त आपटते.

गरी म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. लांब दोरी, टोकाला शिशाचं वजन आणि आकडा, त्याला सुंगटाचा नाहीतर बांगड्याचा तुकडा. दोरी बोटावरून हलकेच सोडायची, तळ लागला की हातभर वर घ्यायची आणि गप्प बसायचं. मला बोटाला गुंडाळून घ्यायची सवय, तेव्हा होडीवाला ओरडला होता, “ताई, दोरी बोटाक गुंडाळू नको!” तांबोशीसारखा मासा हिसका देतो तेव्हा दोरी सुरीसारखी कापते. गोबरा लागला तर तो दगडाच्या कपारीत शिरतो, दोरी सैल सोडलीस की गेलाच. आणि शेंगटी वर आली तर ओवीला हात लावू देऊ नकोस. तिच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, विषारी. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि मग डॉक्टर. पिल्लू आलं तर ओल्या हाताने सोडून द्या. आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या खडकांपाशी गरी टाकायचा हट्ट धरू नका. तिथे प्रवाळ आहेत, 1987 पासून ते सागरी अभयारण्य आहे.

हो, मी गरी टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे. माफी मागायला होडीवाल्याच्या घरी गेले होते, तर त्याच्या आईने आधी चहा दिला. मग गिऱ्ह्याची गोष्ट सांगितली. गिऱ्हा पाण्यात राहतो, ओळखीच्या माणसाचं रूप घेऊन हाका मारतो, ‘इकडे ये, पाणी गुडघाभरच आहे’ म्हणतो आणि खोलात नेऊन बुडवतो. त्याच्याशी झुंजून त्याचे केस उपटून घेतले, तर मात्र तो जन्मभर त्या माणसाचा गडी होतो. तो कुठे राहतो विचारलं तर तिने हात केला तो संगमाकडेच, आदल्या दिवशी मी उभी होते तिथे. मला तेव्हा लख्ख दिसलं, लहान पोरांना प्रवाहाचं गणित कोण समजावणार? त्यांना गिऱ्हा कळतो. पिढ्यान् पिढ्या त्या एका नावाने किती पोरं त्या पाण्यापासून लांब राहिली असतील! ओवीला ही गोष्ट त्या आजींच्याच तोंडून ऐकू दे. ‘असं काही नसतं’ म्हणून मध्ये बोलू नकोस.

होडीवाला निघताना समुद्राला हात जोडेल, कदाचित नारळ देईल. तूही जोड. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा बघून ये. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. 1664 मध्ये समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम काढण्याआधी शिवाजी महाराजांनी इथे पूजा केली. किल्ल्यावर जाशील तेव्हा दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरी ओवीला दाखव. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये हे गोडं! पण खरी थांबायची जागा म्हणजे राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ. तिथली शिवाजी महाराजांची मूर्ती दाढी नसलेली आहे आणि डोक्यावर नावाड्यासारखी टोपी आहे. मी तिच्यासमोर किती वेळ बसले होते. किनाऱ्यावरच्या माणसाला मी जे बोलले होते, तेच आठवत होतं.

नाचणीचे लाडू करून ठेवलेत. डबा दोन दिवसांत पोचेल. लहान डबा तुमचा, स्टीलचा मोठा त्या आजींचा. त्यांचं घर होडीवाला दाखवेल. तेरशीच्या दुपारी भांडलेल्या ताईने पाठवलेत म्हणून सांग, ओळखतील. आणि डबा रिकामाच परत द्या म्हटलं तरी त्या ऐकणार नाहीत, सुकं काहीतरी भरून देतील, ते घे.