मांडीवर शिवता येणारी गोधडी



आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात एक तरी साडी किंवा सदरा असा असतो, जो आता घालवत नाही आणि टाकवतही नाही. माझ्याकडे सासूबाईंची दोन सुती लुगडी आणि यजमानांचे सदरे आहेत. सनीव्हेलला मुलाकडे राहायला आले तेव्हा मी ते सोबत आणले. त्यांची गोधडीच करायची हे मनाशी ठरले होते. पण अख्खी गोधडी जमिनीवर अंथरून, मांडी घालून शिवणे पंचाहत्तरीत जमत नाही. म्हणून एकेक चौकोन मांडीवर पूर्ण करायचा आणि शेवटी सगळे जोडायचे, ही रीत मी धरली. यात ठिगळ जोडतानाच टाका सगळ्या थरांतून जातो, नंतर वेगळे टाके घालावे लागत नाहीत.

ही कल्पना परदेशी नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. जुन्या साडीवर कडेपासून आत ठिगळे लावत जातात आणि प्रत्येक ठिगळ धावदोऱ्याने खालच्या थरांसकट शिवतात. चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावली की कवंदी पुरी होते. आपल्या शेजारी सॅन होजेला 1977 पासून गोधड्या व वस्त्रांचे संग्रहालय आहे. आपल्या आज्यांनी चिंध्यांतून केलेल्या कामाला इथे कला म्हणून मान आहे, हे तिथे गेल्यावर कळते.

साहित्य : धुतलेले सुती कापड, अस्तर, मधल्या थरासाठी कापसाची पातळ गादी (इथल्या दुकानात तिला बॅटिंग म्हणतात) किंवा जुनी मऊ चादर, सुती दोरा, टाचण्या, इस्त्री. जुने कापड दोन्ही हातांनी ताणून पाहा. विरलेला भाग घेऊ नका.

कृती :

1. अस्तर आणि मधला थर 13 इंचांचे चौरस कापा. अस्तराची सुलट बाजू खाली, तिच्यावर मधला थर ठेवा.

2. आवडत्या कापडाचा 4.5 इंचांचा तुकडा बरोबर मध्यभागी, सुलट बाजू वर करून टाचा.

3. बाकी कापडाच्या 2.5 इंच रुंद पट्ट्या कापा. पहिली पट्टी मधल्या तुकड्याच्या एका कडेवर सुलटावर सुलट ठेवा. कडेपासून पाव इंच आत, तिन्ही थरांतून धावदोरा घाला. मशीन असेल तर मशीनवर शिवा.

4. पट्टी उलटून बाहेरच्या बाजूला पसरा, बोटाने दाबा, हलकी इस्त्री करा. उरलेली लांबी कापा.

5. चौकोन थोडा फिरवा. दुसरी पट्टी पहिलीच्या टोकासकट पुढच्या कडेवर शिवा. अशा चार पट्ट्यांचा एक फेरा. दोन फेऱ्यांत, म्हणजे आठ पट्ट्यांत, चौकोन भरतो.

6. कडा सरळ कापून 12.5 इंचांचा चौरस करा. एखादा चौकोन आवळून लहान झाला, तर सगळेच त्याच्या मापाचे कापा. नाहीतर जोडताना कोपरे जुळत नाहीत.

जोडणी : दोन चौकोन सुलटावर सुलट ठेवून पाव इंचावर शिवा. शिवणीतला जास्तीचा मधला थर कापा, शिवण उघडून दाबा आणि मागून तिच्यावर कडा दुमडलेली पट्टी हाताने टाका. तीन गुणिले चार असे बारा चौकोन जोडले की सुमारे 36 बाय 48 इंचांची गोधडी होते. शेवटी चहूबाजूंनी गोट लावा.

एका बैठकीला एक फेरा पुरे. बोटे दुखू लागली की थांबावे. चौकोन कुठे जात नाही.

आता विनंती. डायलिसिसच्या खुर्चीत तीन-चार तास बसणाऱ्यांना फार थंडी वाजते. त्यांना पाय आणि मांड्या झाकणारी गोधडी हवी असते, शाल नव्हे, कारण सुई लावलेला हात परिचारिकेला सतत दिसावा लागतो. चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी नऊच चौकोन, 36 बाय 36 इंच, जोडावेत, म्हणजे कड चाकात अडकत नाही. गुंड्या, टिकल्या, जरीचे काठ लावू नयेत. गोधडी वारंवार गरम पाण्यात धुवावी लागते.

गाडगेबाबा चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर घालून फिरले आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. आपल्याला एवढे मोठे काम करायचे नाही. ज्यांच्याकडे सुती साड्या, धोतरे, सदरे असतील त्यांनी धुऊन मंदिराच्या कचेरीत आणून द्यावे. ज्यांना सुईत दोरा ओवता येत नाही त्यांनी पट्ट्या कापाव्यात. ज्यांना कापता येत नाही त्यांनी रंग लावून द्यावेत. एकाने बारा चौकोन केलेच पाहिजेत असे नाही. बाराजणांनी एकेक केला तरी एकाचे पाय उबदार राहतील.

आपल्या माणसाचा सदरा पेटीत पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी मांडीवर असावा, असे मला वाटते. त्याचा एक तुकडा मात्र स्वतःसाठी जरूर ठेवा.